नगरची अ‍ॅना, सयामचा राजा



ही व्याख्यानमाला एका शिक्षिकेच्या स्मृतीसाठी चालते, म्हणून विषयही एका शिक्षिकेचाच घ्यावा असं मी सुचवलं आणि संयोजकांनी ते लगेच मान्य केलं. चित्रपट हॉलीवूडचा आहे, राजवाडा बँकॉकचा आहे, गाणी न्यूयॉर्कच्या दोघा जणांची आहेत. पण ज्या बाईची ही गोष्ट आहे ती नोव्हेंबर १८३१ मध्ये या अहमदनगरला, म्हणजे आजच्या आपल्या अहिल्यानगरला जन्मली. चित्रपटात याचा उल्लेख नाही. ज्या नाटकावरून तो निघाला त्यात नाही, नाटकाला ज्या पुस्तकाचा आधार होता त्यातही नाही. तिनं स्वतः लिहिलेल्या पुस्तकांतही हे सापडत नाही. वयाच्या ८३व्या वर्षी कॅनडात तिनं डोळे मिटले, तोवर हे गाव आपलं असल्याचं तिनं जगाला सांगितलं नव्हतं.

चित्रपटाचं नाव 'द किंग अँड आय'. १९५६ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं तो काढला. दिग्दर्शक वॉल्टर लँग, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, गीतं ऑस्कर हॅमरस्टाइन यांची, पटकथा अर्नेस्ट लेहमन यांची, नृत्यं जेरोम रॉबिन्स यांची. राजा झाला युल ब्रिनर आणि अ‍ॅना झाली डेबोरा कर. नऊ ऑस्कर नामांकनं मिळाली, पाच पुरस्कार मिळाले, त्यांतला एक ब्रिनरचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. १८६२ साली अ‍ॅना लिओनोवेन्स नावाची विधवा इंग्रज शिक्षिका आपल्या लहान मुलाला घेऊन बँकॉकला येते. सयामच्या राजाला आपल्या मुलाबाळांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवायचं असतं. कबूल केलेलं स्वतंत्र घर मिळत नाही म्हणून तिचं राजाशी भांडण होतं. भांडता भांडता एकमेकांबद्दल आदर वाटू लागतो आणि आदराच्या पलीकडचंही काहीतरी, जे दोघंही बोलून दाखवत नाहीत. राजा रानटी आहे अशी अफवा उठलेली असते आणि तिचा आधार घेऊन इंग्रज सयाम गिळतील अशी भीती असते. ती अफवा खोटी पाडायला मेजवानी होते. त्याच रात्री टुपटिम नावाची ब्रह्मी मुलगी आपल्या प्रियकराबरोबर पळून जाताना पकडली जाते. राजा चाबूक उचलतो, पण अ‍ॅनाच्या नजरेसमोर त्याचा हात चालत नाही. त्यानंतर तो खचतो आणि मरतो. राजा मरणाच्या दारात असतानाच युवराज चुलालोंगकोर्न हुकूम काढतो, की यापुढे राजासमोर कोणी जमिनीवर लोटांगण घालायचं नाही.

हा चित्रपट मला अतिशय आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याच्यावर जे आक्षेप घेणार आहे ते नावडीतून आलेले नाहीत.

त्यातलं उत्तम काय, ते पाहू. शब्द नसलेला एक प्रसंग आहे. राजा अ‍ॅनाला आपली मुलं दाखवतो. वाद्यवृंदावर एक संचलनाची धून सुरू होते आणि एकेक मूल दालनात येतं, बापाला नमस्कार करतं, नव्या शिक्षिकेपाशी जातं, पाठ न दाखवता मागं सरतं आणि आपल्या जागी बसतं. क्रम सगळ्यांचा तोच, पण प्रत्येक मुलाची चाल वेगळी. एखादं घाबरलेलं, एखादं लाडावलेलं, युवराज ताठ. बापाचा चेहरा प्रत्येकाला वेगळी दाद देत असतो. अ‍ॅना या प्रसंगाआधी बँकॉक सोडून परत जायला निघालेली असते आणि प्रसंग संपता संपता ती डोक्यावरची टोपी काढते. ती राहणार, हे आपल्याला त्या टोपीवरून कळतं. एरवी त्यासाठी पानभर संवाद लागला असता.

दुसरा प्रसंग लिंकनला पत्र लिहिण्याचा. दरबारचा नियम असा, की कुणाचंही डोकं राजाच्या डोक्यापेक्षा वर असता कामा नये. रात्री राजा अ‍ॅनाला बोलावतो आणि पत्र सांगू लागतो. तो बसतो, म्हणून तिला बसावं लागतं. तो लोडाला रेलतो, तिला आणखी खाली व्हावं लागतं. शेवटी तो जमिनीवर पालथा पडून हनुवटी हातावर टेकतो आणि तो प्रचंड घेराचा झगा सावरत तिलाही तसंच पडावं लागतं. दोघं जमिनीला समांतर, डोकी जवळजवळ एका पातळीवर, आणि चर्चा चाललीय अमेरिकेला हत्ती पाठवायची. प्रेक्षक हसतात. पण मोठेपणाचा नियम पाळता पाळता दोघं एका पातळीवर कशी आली, हे त्या हसण्यात नकळत त्यांच्या ध्यानात येतं.

आणि तिसरा प्रसंग, ज्याच्यासाठी हा चित्रपट सगळ्यांना आठवतो, तो पोल्का नृत्याचा. मेजवानी यशस्वी झालीय, पाहुणे गेलेत, मोठ्या दालनात दोघंच आहेत. अ‍ॅना त्याला पोल्काच्या मात्रा मोजायला शिकवते. दोघं लहान मुलांसारखी हात धरून नाचतात. मग राजा थांबतो. युरोपियन लोक नाचताना मी पाहिलेत, ते असे धरत नाहीत, असं काहीसं म्हणतो. तो अनवाणी आहे, तिच्या पायात बूट आहेत. तो दोन पावलं पुढं येतो, हात लांबवतो आणि तिच्या कमरेवर ठेवतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग सगळा वाद्यवृंद एकदम उसळतो आणि दोघं त्या खांबांमधून गिरक्या घेत सुटतात. आयरीन शॅरफ यांच्या कल्पनेतला तो साटिनचा झगा फुलत फुलत पडदाभर होतो. सबंध चित्रपटात दोघांनी एकमेकांना प्रेमाचा एक शब्द सांगितलेला नाही. आपल्या संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं, की जिथं बोलणं अपुरं पडतं तिथंच पद यायला हवं, नुसतं सजावटीला नव्हे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांना ते पक्कं कळलेलं होतं.

रॉजर्स यांनी आणखी एक शहाणपण केलं. सयामी संगीताची नक्कल करायच्या फंदात ते पडले नाहीत. अमेरिकन माणसाला सयाम जसं ऐकू येईल तसं त्यांनी लिहिलं आणि तसं उघड सांगितलं. संगीताच्या बाबतीत या मंडळींनी जो प्रामाणिकपणा दाखवला, तो कथेच्या बाबतीत दाखवला नाही. माझा आक्षेप इथून सुरू होतो.

आधी कथा कुठून आली ते पाहू. अ‍ॅनानं सयाममधून परतल्यावर १८७० साली 'द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सयामीज कोर्ट' हे पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर 'द रोमान्स ऑफ द हॅरम'. सयाममध्ये मिशनरी म्हणून राहिलेल्या मार्गारेट लँडन या अमेरिकन लेखिकेनं ही दोन्ही पुस्तकं एकत्र विणून १९४४ साली 'अ‍ॅना अँड द किंग ऑफ सयाम' लिहिलं. १९४६ साली त्यावर रेक्स हॅरिसन आणि आयरीन डन यांचा बिनगाण्यांचा चित्रपट आला. गर्ट्रूड लॉरेन्स या नटीला वाटलं, ही भूमिका आपल्याला गाण्यांसकट मिळावी. तिच्या आग्रहावरून २९ मार्च १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात संगीतिका उभी राहिली. पुढच्या वर्षी प्रयोग चालू असतानाच ती बिचारी गेली. नाटक तिच्यासाठी लिहिलं गेलं होतं, ते झालं ब्रिनरचं. आयुष्यभरात त्यानं हा राजा रंगमंचावर ४,६२५ वेळा केला. १९८५च्या जूनअखेरीस शेवटचा प्रयोग केला आणि त्याच ऑक्टोबरात कर्करोगानं तो वारला.

आता मला या चित्रपटाबद्दल जे खरोखर सांगायचंय त्याकडे येतो. यातलं जवळजवळ प्रत्येक माणूस मुखवटा घालून उभं आहे.

पडद्यावर डेबोरा कर गाते, पण गळा तिचा नाही, मार्नी निक्सन यांचा आहे. करच्या श्वासाशी श्वास जुळवून, दोघींनी एकत्र तालीम करून ही गाणी बांधली गेली. संवाद संपून गाणं कुठं सुरू होतं ते आजही ऐकताना कळत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र निक्सन यांचं नाव नव्हतं. आपल्याकडे १९४९च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून चित्रपटातल्या 'कामिनी' या पात्राचं नाव छापलं होतं. श्रोत्यांनी रेडिओला विचारून विचारून लता मंगेशकर हे नाव बाहेर काढलं, आणि त्यानंतर पार्श्वगायकाला नाव देणं आपल्याकडे रुळलं. हॉलीवूडनं मार्नी निक्सन यांना दीर्घकाळ ते दिलं नाही. पुढं 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडचा आणि 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नचा गळाही त्यांचाच होता.

ब्रिनरचं पाहा. तो पत्रकारांना सांगायचा, की आपण सखालिन बेटावर जन्मलो, आपलं खरं नाव ताइजे खान. प्रत्यक्षात त्याचा जन्म १९२० साली व्लादिवोस्तोकला झाला, नाव युली बोरिसोविच ब्रिनर. ब्रह्मी टुपटिम झालेली रीटा मोरेनो पोर्तो रिकोची. सयामच्या दरबारात सयामी चेहरा प्रमुख भूमिकेत एकही नाही.

आणि अ‍ॅना. तिनं जगाला सांगितलेली कहाणी अशी: जन्म वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, साल १८३४, वडील क्रॉफर्ड नावाचे कॅप्टन, नवरा मेजर थॉमस लिओनोवेन्स, शिकारीला गेला असता उन्हाच्या तडाख्यानं मेलेला. शंभर वर्षं हे सगळ्यांनी खरं मानलं. मग कोळ्यांचा अभ्यास करणारे इंग्रज शास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. ब्रिस्टो अ‍ॅनाच्या मुलाचं, लुईचं, चरित्र लिहायला बसले. वेल्समध्ये जन्माची नोंद सापडेना म्हणून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या फौजेच्या नोंदी चाळल्या. १९७६ साली पुस्तक निघालं आणि खरी अ‍ॅना उजेडात आली. अलीकडे सुझन मॉर्गन यांनी २००८ साली आणि आल्फ्रेड हॅबेगर यांनी २०१४ साली तिची सविस्तर चरित्रं लिहिली.

खरं असं, की तिचे वडील थॉमस एडवर्ड्स कॅप्टन नव्हते, सार्जंट होते. मूळचे सुतारकाम करणारे, मुंबईच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत भरती झालेले. अ‍ॅनाच्या जन्माआधीच ते वारले. आई मेरी अ‍ॅन ग्लास्कॉट, तिचे वडील मुंबईच्या देशी पायदळातले लेफ्टनंट. आजी बहुधा भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. विधवा आईनं लवकरच पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश शिपायाशी लग्न केलं. कारण पलटणीच्या बराकीत नवरा नसलेल्या बाईला आणि तिच्या पोरांना थारा नव्हता. बराकीत कुटुंबाला वेगळी खोली नसे, पडदा लावून केलेला कोपरा असे. अशा कोपऱ्यांत ही मुलगी वाढली. १८४९च्या नाताळाच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स, पेशानं कारकून. लिऑन आणि ओवेन्स ही दोन नावं जोडून तिनं पुढं स्वतःसाठी एक भारदस्त आडनाव घडवलं. पहिली दोन मुलं तान्हेपणीच गेली. नंतर एव्हिस आणि लुई झाले. ऑस्ट्रेलिया करून कुटुंब पेनांगला गेलं आणि तिथं १८५९ साली नवरा वारला. तेव्हा तो हॉटेलात नोकरीला होता. अ‍ॅनाचं वय २७.

इथं थोडं थांबतो, कारण नगरच्या श्रोत्यांना पुढची गोष्ट जवळची वाटेल. अ‍ॅना जन्मली त्याच १८३१ साली, ३ जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आणि पुढं या मिशनच्या मिस फॅरार यांच्या नगरमधल्या मुलींच्या शाळेनं जोतीरावांना वाट दाखवली. अ‍ॅनाचं लग्न पुण्याला झालं तेव्हा भिडेवाड्यातली शाळा सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच शहरात वावरलेल्या या दोघी पुढं शिक्षिका झाल्या. एकीनं शेणगोळे झेलले, पण आपण कोण हे कधी लपवलं नाही. दुसरीला ते लपवल्याशिवाय शाळेच्या दारात कुणी उभं केलं नसतं. सार्जंटची मुलगी, अंगात देशी रक्त असल्याचा संशय, हॉटेलात काम करणाऱ्याची विधवा: नवरा गेल्यावर ती सिंगापूरला शिकवू लागली, तिथल्या इंग्रजांनी हे कळल्यावर आपली मुलं तिच्या हाती दिली असती का? नसती दिली. तिनं खोटं सांगितलं आणि दोन मुलांना जगवलं. मी तिला याबद्दल दोष देत नाही.

आता चित्रपटातलं पहिलं गाणं आठवा. जहाज बँकॉकला लागतंय, मुलगा घाबरलाय, आई त्याला शिकवते: भीती वाटली की शीळ घालायची, धीट असल्याचं सोंग आणायचं. आधी लोक फसतात आणि मग आपणही फसतो, म्हणजे खरोखरच धीट होतो. हॅमरस्टाइन १९६० साली वारले. ब्रिस्टोंचं पुस्तक त्यानंतर सोळा वर्षांनी आलं. नगरची बराक, सार्जंट बाप, पुण्यातलं लग्न यांतलं काहीही या कवीला ठाऊक नव्हतं. तरी अ‍ॅनाच्या तोंडी पहिलंच गाणं त्यानं सोंगाचं दिलं. पुस्तकांच्या ओळींमागं लपलेली बाई त्याला कुठंतरी दिसली असावी. प्रतिभा म्हणतात ती हीच, असं मला वाटतं.

म्हणजे अ‍ॅनानं मुखवटा स्वतः निवडला, ब्रिनरनं स्वतः निवडला, करनं निक्सन यांचा आवाज जाणूनबुजून घेतला. या सगळ्या गोष्टीत एकच माणूस असा आहे, ज्याच्यावर मुखवटा दुसऱ्यांनी चढवला. तो म्हणजे राजा मोंगकुट.

खरा मोंगकुट कोण होता? जन्म १८०४. विशीत भिक्षू झाला आणि तब्बल २७ वर्षं चीवरात राहिला. पाली आणि संस्कृत शिकला. फ्रेंच बिशप पालेग्वा यांच्याकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकला. बौद्ध संघात शिस्त आणणारा थम्मयुत पंथ त्यानं सुरू केला, मठात छापखाना चालवला. १८५१ साली गादीवर बसला तेव्हा त्याचं वय ४६ होतं. अ‍ॅना बँकॉकला पोचली तेव्हा तो ५७ वर्षांचा, अंगानं कृश, भिक्षूसारखा माणूस होता. उघड्या छातीनं कमरेवर हात ठेवून गरजणारा छत्तीस वर्षांचा ब्रिनर आणि हा वृद्ध विद्वान यांच्यात साम्य शोधूनही सापडत नाही.

त्याचा काळ पाहा. १८५२ साली इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला. १८६३ साली कंबोडिया फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. या दोन दातांच्या मध्ये सयाम होतं. मोंगकुटनं १८५५ साली सर जॉन बाउरिंग यांच्याशी तह केला. जकातीचा अधिकार सोडला, इंग्रजांवर सयामी न्यायालयात खटला न चालवण्याची अट मान्य केली, पण देश राखला. आपल्याकडे हाच सौदा कितीतरी संस्थानिकांनी केला आणि त्यांचं काय झालं ते आपण जाणतो. सयाम कधीच पारतंत्र्यात गेलं नाही. हे राजकारण करणाऱ्या माणसाला चित्रपट एका मेजवानीसाठी शिक्षिकेचा सल्ला घ्यायला लावतो, आणि तो सल्लाही 'तू सुचवू नकोस, मी काय करणार आहे ते ओळख' अशा बालिश खेळातून.

शिक्षिका नेमताना त्यानं २६ फेब्रुवारी १८६२ रोजी अ‍ॅनाला लिहिलेलं पत्र तिनंच आपल्या पुस्तकात छापलंय. इंग्रजी भाषा, शास्त्र आणि साहित्य शिकवा, धर्मांतराच्या भानगडीत पडू नका, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. मिशनऱ्यांचं ज्ञान घ्यायचं पण त्यांचा धर्म घ्यायचा नाही, ही रेघ त्यानं फार आधी आखलेली होती. त्याच्या इंग्रजीत चुका आहेत, पण विचार खणखणीत आहे. पडद्यावर मात्र त्याची भाषा तोडकीमोडकी विनोदी झाली.

हत्तींची गोष्ट घ्या. चित्रपटात राजा यादवी युद्धासाठी लिंकनला नर हत्ती पाठवू पाहतो आणि नुसते नर पाठवून वंश कसा वाढेल, हे अ‍ॅना त्याला सांगते. प्रत्यक्षात ते पत्र फेब्रुवारी १८६१चं, अध्यक्ष ब्युकॅनन यांच्या नावे. अमेरिकेत हत्तींची पैदास व्हावी आणि ओझी वाहायला त्यांचा उपयोग व्हावा, हीच त्यातली कल्पना होती. उत्तर पुढच्या वर्षी लिंकन यांनी सौजन्यानं नकार देणारं पाठवलं. तोवर अ‍ॅना बँकॉकला आलेलीही नव्हती.

टुपटिमचा जळजळीत प्रसंग तर अ‍ॅनाच्या दुसऱ्या पुस्तकातून आलाय. तिथं मुलीला आणि भिक्षू असलेल्या तिच्या प्रियकराला जाळून मारल्याचं तिनं लिहिलं. राजवाड्याखालच्या तळघरातल्या अंधारकोठड्यांचंही वर्णन केलं. बँकॉकची जमीन अशी पाणथळ, की तिथं अशी तळघरं टिकणं शक्य नाही, हे थाई आणि पाश्चात्त्य अभ्यासकांनी दाखवून दिलंय. आणि शेवट! मोंगकुट वारला तेव्हा अ‍ॅना सयाममध्ये नव्हतीच. सयाम तिनं १८६७ सालीच सोडलं होतं. चाबूक उगारून खचलेल्या मनानं तो मेलेला नाही. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची वेळ आणि जागा त्यानं स्वतः गणित करून दोन वर्षं आधी काढली होती. दक्षिणेत समुद्रकाठी वा को या गावी इंग्रज आणि फ्रेंच पाहुण्यांना बोलावून त्यानं ते दाखवलं. गणित बरोबर निघालं. त्या जंगलात हिवतापानं त्याला गाठलं आणि १ ऑक्टोबरला तो गेला. तीच सावली त्या सकाळी आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून, गुंटूरवरून सयामकडे सरकली होती. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन दुर्बीण लावून बसले होते आणि त्या ग्रहणातून हेलियमच्या शोधाची वाट उघडली. विज्ञानाच्या इतिहासातल्या त्या दिवशी आकाशाखाली उभ्या असलेल्या या राजाचं मरण एखाद्या नाटककाराला हवं तर किती मोठं करता आलं असतं! हॅमरस्टाइन यांनी ते का उचललं नाही, याची मला फार खंत वाटते. पश्चिमेच्या नजरेनं पूर्वेचा राजा मोडून पडला, हा शेवट त्यांना जास्त सोपा वाटला.

थायलंडनं, म्हणजे पूर्वीच्या सयामनं, या चित्रपटावर बंदी घातली. १९९९ साली जोडी फॉस्टर आणि चाओ युन-फॅट यांना घेऊन याच कथेवर नवा चित्रपट झाला. त्याच्या चित्रीकरणाला थायलंडनं परवानगी दिली नाही, ते मलेशियात झालं. बंदी मला पटत नाही. पण त्यामागची जखम खरी आहे. तिला योग्य उत्तर दिलं ते सेनी आणि कुक्रित प्रामोज या भावांनी. १९४८ साली त्यांनी मोंगकुटचीच पत्रं आणि जाहीरनामे गोळा करून इंग्रजीत मांडले, म्हणजे राजालाच बोलू दिलं. अ‍ॅबट लो मोफॅट यांचं १९६१चं मोंगकुट-चरित्र त्या सामग्रीच्या आधारानं उभं राहिलं. हे दोघे भाऊ पुढं एकामागून एक थायलंडचे पंतप्रधान झाले.

मग अ‍ॅनानं सयाममध्ये काहीच केलं नाही का? केलं. पाच वर्षं ती राजवाड्यातल्या बायकामुलांना शिकवत होती. तिनं लिहिलंय, की सोन क्लिन नावाची एक राणी हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' कादंबरी वाचून इतकी हलली, की तिनं आपल्या दासदासींना मोकळं केलं. चित्रपटातला टुपटिमचा नृत्यप्रवेश याच आठवणीवर उभा आहे. पळून जाणारी एलायझा नदीकाठी पोचते. नदी म्हणजे नर्तकींनी दोन टोकांनी धरून हलवलेलं लांब रेशमी वस्त्र. बुद्धाची कृपा होते, वस्त्र थांबतं, पाणी गोठतं आणि ती त्यावरून चालत जाते. मग वस्त्र पुन्हा हलू लागतं आणि पाठलाग करणारा मालक बुडतो. एलायझा झालेल्या युरिको या नर्तकीनं ही भूमिका रंगमंचावरही केली होती. इथं एक दासी आपल्या धन्यासमोर, त्याच्याच मेजवानीत, गुलामगिरीविरुद्ध उभी राहते. गोरी शिक्षिका बाजूला बसून पाहत असते आणि बोलणारी टुपटिम असते. साऱ्या चित्रपटात हाच भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

चुलालोंगकोर्ननं लोटांगणाची प्रथा खरंच बंद केली, पण १८७३ साली, स्वतःच्या दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी. गुलामगिरी मोडायला त्याला १८७४ ते १९०५ असा काळ लागला. त्याचं श्रेय पाच वर्षांच्या इंग्रजीच्या तासांना देणं म्हणजे त्या राजावर आणि त्याच्या बापावर अन्याय आहे. एका शिक्षिकेचा त्यात वाटा नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. १८९७ साली लंडनला म्हाताऱ्या अ‍ॅनाची आणि राजा चुलालोंगकोर्नची भेट झाली. राजे लोक आवडत नसलेल्या शिक्षकांना तीस वर्षांनी भेटत नाहीत.

चित्रपटानं अ‍ॅनावरही अन्याय केला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिची मुलगी एव्हिस चित्रपटात नाहीच. तिच्याबरोबर बँकॉकला आलेले, तिनं पुस्तकात उल्लेखलेले मुनशी आणि बीबी हे दोघे सोबतीही नाहीत. सयामनंतरची बाई तर संपूर्ण गायब आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर तिनं शाळा काढली. पुस्तकं आणि व्याख्यानं यांवर घर चालवलं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेली आणि १८८७ साली तिथल्या कलाशाळेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ती शाळा आज नामांकित कला विद्यापीठ आहे आणि तिथल्या कलादालनाला अ‍ॅना लिओनोवेन्सचं नाव आहे. बायकांच्या मताधिकारासाठी ती झगडली. लुई सयामला परतला, राजाच्या घोडदळात अधिकारी झाला, पुढं सागवानाच्या धंद्यात शिरला. त्याच्या नावाची कंपनी अजून थायलंडमध्ये आहे. अ‍ॅनाच्या बहिणीचा नातू विल्यम प्रॅट याला सारं जग बोरिस कार्लोफ या नावानं ओळखतं. 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटातला राक्षस तोच. घराण्यातच नाव बदलण्याचं धैर्य होतं म्हणायला हवं.

बराकीतल्या पडद्याआडच्या कोपऱ्यातून निघून, नाव-गाव-वंश सगळं नव्यानं घडवून, चार खंडांत स्वतःच्या बळावर उभी राहिलेली ही बाई. पडद्यावरची सभ्य, सोज्ज्वळ, वेल्समध्ये जन्मलेली अ‍ॅना तिच्यापुढं फार लहान आहे. माझं ठाम मत आहे, की हॉलीवूडला यापेक्षा मोठी नायिका मिळाली होती आणि ती त्यांना दिसली नाही.

म्हणून या गावाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, अ‍ॅना एडवर्ड्सला नगरची म्हणा. तिच्या खोट्यासकट म्हणा, कारण ते खोटं तिला कोणी बोलायला लावलं, हे आपल्याला इथल्या छावणीच्या इतिहासातून इतरांपेक्षा चांगलं समजू शकतं. इथल्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिच्या आईवडिलांच्या, पलटणीच्या, छावणीतल्या शाळांच्या नोंदी शोधाव्यात. तिनं १८८४ साली लिहिलेलं 'लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया' हे पुस्तक आपल्या वाचनालयात असावं. आणि दुसरी, 'द किंग अँड आय' जरूर पाहा, मुलांना दाखवा, तो पोल्का डोळे भरून पाहा. पाहून झाल्यावर मात्र मोफॅट यांनी लिहिलेलं मोंगकुटचं चरित्र वाचा. त्यात राजाची पत्रं आहेत, आणि ती त्याची स्वतःची आहेत.